शुक्रवारचा ताप

पाहुणा येणार म्हटल्यावर घर कसं लावावं, हे लिओन्शिया मॅथ्युरिनला शिकवायची उभ्या मोर्न काकोच्या टेकडीवर कुणाची छाती नव्हती. पाद्री येवोत नाहीतर लेकीच्या सासरचे, तिच्या खिडक्यांचे पडदे इस्त्रीचे असत, काचेच्या कपाटातले पेले झळकत आणि सुईदोऱ्याचा डबाही भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला असे. पण या शुक्रवारी जी पाहुणी यायची होती, ती घर गरीब आहे की नाही हे बघायला यायची होती. अशा पाहुणीसाठी घर आवरायचं की विस्कटायचं, हेच लिओन्शियाला कळेना. चार दिवस ती हातात फडकं घेऊन नुसती उभी राहत होती.

गरीब हा शब्दच तिला अंगावर घालता येत नव्हता. गरीब म्हणजे तिच्या लेखी नदीकाठचा तो खुळा ऑगस्तँ, अनवाणी फिरणारा, कुणाच्याही दारात वाडगा धरणारा. तिच्या पायांत चपला होत्या, घरात दोन शिलाई यंत्रं होती, नवऱ्याच्या नावावर डोंगरउतारावरची जमीन होती. मग आपण गरीब झालो कधी? तिने बराच विचार केला, पण अमुक दिवशी झालो असं काही तिला सापडेना.

एकेकाळी या टेकडीवर केळ्यांचं राज्य होतं. लिओन्शियाचा नवरा जोझफात आठवड्याच्या ठरल्या दिवशी घड उतरवायचा, सगळं घर शेडमध्ये केळी धुवून खोक्यांत भरायचं, आणि बंदरावरचं जहाज ती खोकी घेऊन विलायतेला जायचं. मग संध्याकाळी माणसं खिशात हात घालून चालायची, आणि त्या खिशातलं थोडंफार लिओन्शियाच्या दारी यायचं. कारण आमच्याकडे नाताळ म्हणजे नवे पडदे. केक एक वेळ फसला तरी चालेल, खिडकीला जुना पडदा चालायचा नाही. ऑक्टोबर लागला की बायका कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन यायच्या. कुणाला झालर हवी, कुणाला दुहेरी चुण्या, कुणाला शेजारणीपेक्षा एक चुणी जास्त. नाताळच्या आदल्या संध्याकाळी लिओन्शिया रस्त्याने चालत गेली, की प्रत्येक खिडकीत तिची शिलाई हलताना दिसायची. असा मान भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही.

मग विलायतेतल्या दुकानदारांना दुसरीकडची केळी स्वस्त मिळू लागली. आधी जहाज आठवड्याआड येऊ लागलं. मग पानांवर करपा पडला. मग वादळ आलं, आणि जोझफातने पुन्हा लावायच्या ऐवजी हात झटकले. शेडमध्ये शेळ्या बसू लागल्या. तो थोडी अळकुडी लावू लागला, कोळसा पाडू लागला. आणि ज्या बायका कापड आणायच्या, त्या शहरातून तयार पडदे आणू लागल्या, प्लास्टिकच्या कड्यांत ओवलेले, कडेला धागे सुटलेले. लिओन्शियाला त्या पडद्यांचा इतका राग होता की त्या घरांवरून जाताना ती मान वळवायची.

तिची लेक मारी-आंज शेजारच्या मार्टिनिक बेटावर लोकांची घरं पुसायला गेली आणि पोरीला, व्हर्लिनला, आजीकडे सोडून गेली. सुरुवातीला दर महिन्याला काही यायचं, मग सणासुदीला, आणि आता नुसता फोन यायचा, तोही रडका. घरात मात्र आरडाओरडा करावा असं काही घडलंच नाही. आधी चहातलं दूध गेलं. मग खारा मासा रविवारपुरता राहिला. मग हिरव्या केळ्यांच्या उकडीवर तेलाऐवजी नुसतं मीठ आलं. केस पांढरे होतात तसं हे झालं, आरशात रोज बघणाऱ्याला दिसलं नाही.

दिसलं ते व्हर्लिनच्या शाळेपाशी. पोर हुशार, थोरल्या शाळेत गेलेली, येत्या मे महिन्यात मोठी परीक्षा. पण ती शाळा खाली गावात, आणि बसवाला काही देवाघरचा नव्हे, फुकट न्यायला. तेव्हा व्हर्लिन मंगळवार, बुधवार, गुरुवार शाळेत जायची, आणि सोमवारी आणि शुक्रवारी तिला ताप यायचा.

हा ताप लिओन्शियाने शोधून काढला होता. पहिल्या शुक्रवारी शेजारच्या फिलोमेनने कुंपणावरून विचारलं, "पोर घरी कशी गं आज?" आणि लिओन्शियाच्या तोंडून निघून गेलं, "अंग गरम आहे जरा." फिलोमेनने लगेच गवती चहाची जुडी आणून दिली. तेव्हापासून तिची जुडी दर शुक्रवारी न चुकता येत होती. लिओन्शिया ती उकळायची आणि तिघं प्यायची. कधी कधी रात्रीला तेवढंच असायचं. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला होता की असंच चाललं तर पोरीला परीक्षेला बसवता येणार नाही. आता सरकारी मदत मंजूर झाली तरच व्हर्लिन आठवडाभर शाळेत जाणार होती, नाहीतर नाताळानंतर एखाद्या हॉटेलात चादरी बदलायला.

मदतीची वाट दाखवली अन्सेल्माने. ही मारी-आंजची धर्ममाता, म्हणजे लिओन्शियाची माकोमे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वर, कारण बहिणीशी भांडता येतं, माकोमेशी भांडायला पाद्र्याला विचारावं लागतं. अन्सेल्माला वर्षभरापासून सरकारी मदत मिळत होती. तिने गावात सांगितलं होतं की टोरँटोचा भाचा पैसे पाठवतो. लिओन्शियाला मात्र तिने खरं सांगितलं, ओढत कचेरीत नेलं, आणि गुरुवारी संध्याकाळी घराची तपासणी करायला स्वतः आली.

दारातच तिने कपाळावर हात मारला. "हे काय गं? लग्न आहे का घरात?"

"नुसतं झाडलंय," लिओन्शिया म्हणाली.

"झाडलंय! अगं, ती बाई दारातून आत बघेल आणि तशीच मागं फिरेल. हे पडदे काढ आधी. एवढ्या चुण्या गरिबाच्या घरात असतात का?"

"पडदे जुने आहेत. मीच शिवलेत."

"ते काय पडद्यांवर लिहिलंय? काढ. पेले लपव. त्या यंत्रांवर गोणपाट टाक. आणि हा," तिने ओट्यावर बसलेल्या जोझफातकडे हनुवटी केली, "हा असा टुणटुणीत बसायचा नाही. याला आत निजव."

"मला काय झालंय निजायला?" जोझफात म्हणाला.

"काही झालं नाही हेच तर वाईट आहे. माझ्या भावाला मी फाटक्या सदऱ्यात उंबऱ्यावर बसवलं, खोकायला सांगितलं, आणि तो असा काही खोकला की त्या बाईने स्वतः पाणी आणून दिलं."

"मी खोकणार नाही."

"नको खोकू. नुसता पड. तेवढं तर येतं ना? केळी गेल्यापासून दुसरं केलंयस काय?"

जोझफातने काहीतरी उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. अन्सेल्मा जाता जाता बजावून गेली, "आणि तिला काही प्यायला द्यायचं नाही. पाणीसुद्धा विचारायचं नाही, सांगून ठेवते."

हे शेवटचं लिओन्शियाला सगळ्यांत जड गेलं. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही, तर मग घर कशाला म्हणायचं?

शुक्रवारी सकाळी उठून तिने पडदे उतरवले. उघड्या खिडकीतून समोरचा रस्ता आरपार दिसू लागला, आणि आपणच रस्त्यावर उभे आहोत असं तिला वाटलं. मग तिने व्हर्लिनला कचेरीची गाडी येते का बघायला खालच्या वळणावर पाठवलं, जोझफातला दरडावून खाटेवर आडवं केलं, अंगावर चादर ओढली आणि पेल्यांची टोपली घेऊन मागच्या खुराड्याकडे गेली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मोर्न काकोत खिडकीचे पडदे फक्त एकाच वेळी पूर्ण उतरवतात. धुवायला काढले तरी जुनी चादर लावतात, पण खिडकी नागडी ठेवत नाहीत. नागडी ठेवतात ती घरात माणूस गेलं तर, आत्म्याला बाहेर पडताना कशात अडकायला नको म्हणून. पडद्यांवर जन्म घालवलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. किती घरचे पडदे तिने स्वतःच्या हाताने उतरवले होते. पण त्या सकाळी तिच्या डोक्यात दुसऱ्या कशाला जागा नव्हती. आणि अन्सेल्माच्या खिडक्यांना लाकडी झडपा, तिला कुठून सुचणार?

देवळाची घंटा वाजवणारा म्हातारा क्लेटस रस्त्याने जात होता. त्याने उघड्या खिडक्या पाहिल्या आणि टोपी काढली. जवळ येऊन आत डोकावला. आत जोझफात उताणा, छातीवर हात जोडलेले, हनुवटीपर्यंत चादर. पड म्हटल्यावर गडी खरोखर झोपला होता, आणि त्याच्या झोपेला आवाज म्हणून नसायचा. क्लेटसने छातीवर क्रुसाची खूण केली आणि आपल्या वयाच्या मानाने फारच वेगात देवळाकडे निघाला.

लिओन्शियाने खुराड्यापाशी घंटा ऐकली. एक ठोका, थांबून दुसरा. "कुणाचं बोलावणं आलं बाई आज?" ती कोंबड्यांना म्हणाली, आणि पेले पेंढ्याखाली सारत राहिली.

ती पुढच्या दारी आली तेव्हा अंगण माणसांनी भरत होतं. फिलोमेन पावाची टोपली घेऊन आली होती. कुणी कॉफीची किटली आणली होती, कुणी नीरफणस भाजून, कुणी रमची बाटली. मर्तिकाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही ही आमची रीत, मग स्वतःच्या घरी चूल का पेटलेली नसेना. फिलोमेनने तिला पाहताच मिठीत घेतलं आणि रडायला लागली.

"कसं गं झालं? काल तर कोळसा घेऊन गेला माझ्या दारावरून!"

लिओन्शिया चक्रावली. पहिला विचार तिच्या मनात आला तो मारी-आंजचा. मार्टिनिकहून काही बातमी आली आणि मला सांगायच्या आधी सगळ्या गावाला कळली? "कोण? कोण गेलं?" ती विचारत राहिली, आणि बायका एकमेकींकडे बघू लागल्या, की धक्क्याने बिचारीचं डोकं फिरलं. कुणीतरी प्रार्थनेचं गाणं सुरू केलं. दोन कडवी झाली असतील, तोच दारात जोझफात उभा राहिला, केस विस्कटलेले, अंगाला चादर.

"मेलं कोण रे?" त्याने विचारलं.

गाणं बंद पडलं. क्लेटसने बोट त्याच्याकडे केलं, मग हळूच खाली घेतलं. "तू," तो म्हणाला. "म्हणजे, होतास."

एक बाई किंचाळली. फिलोमेन रडता रडता हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. जोझफात क्लेटसवर धावून गेला, "माझी घंटा वाजवतोस? माझ्या परवानगीशिवाय?" आणि त्याच गडबडीत व्हर्लिन पळत आली, "आजी, आली, आली," आणि तिच्या मागोमाग कचेरीची गाडी कुंपणाशी येऊन थांबली.

गाडीतून मिस इपोलीत उतरली. तरुण, सडपातळ, हातात फोन आणि पिशवी. तिला दिसलं ते असं: अंगणात माणसांची गर्दी, टेबलावर पाव, कॉफी, रम, भाजलेला नीरफणस, सगळे हसताहेत, आणि घरचा मालक चादर नेसून भांडतोय.

"मिसेस मॅथ्युरिन? मी चुकीच्या वेळी आले का? काही समारंभ आहे?"

लिओन्शियाने तोंड उघडलं, पण नाही म्हणावं की हो, हेच तिला कळेना. नाही म्हटलं तर एवढं अन्न कुठून आलं? हो म्हटलं तर संपलंच. गर्दीतल्या अन्सेल्माने डोळे मोठे केले, पण डोळ्यांनी ती काय सांगत होती कुणास ठाऊक.

तिच्या मदतीला धावला तो क्लेटस. कचेरीची गाडी कुणाकडे आणि कशासाठी येते हे टेकडीवर सगळ्यांना माहीत होतं, आणि ती आपल्या लिओन्शियाच्या दारात उभी राहावी याचा त्याला अपमान वाटला. "बाई, तुमचं घर चुकलं असेल," तो छाती काढून म्हणाला. "ही लिओन्शिया मॅथ्युरिन. साऱ्या टेकडीचे पडदे हिच्या हातचे. हिच्या घरी कशाला काय कमी पडतंय?"

"हो ना," फिलोमेन म्हणाली. "हिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही कधी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रेमाने, अगदी मनापासून डोलावल्या. लिओन्शिया त्या एकेक चेहऱ्याकडे बघत होती. ही माणसं तिची अब्रू राखत होती आणि त्याच हातांनी तिच्या नातीची शाळा बुडवत होती, आणि रागवावं तर कुणावर?

मिस इपोलीतने फोन पिशवीत टाकला. "बरं तर," ती म्हणाली, आणि जाता जाता तिची नजर शेजारणींच्या कॉफीचे पेले धरून उभ्या असलेल्या व्हर्लिनवर गेली. "हिला शाळा नाही का आज?"

"ताप आलाय पोरीला," फिलोमेनच म्हणाली. "दर शुक्रवारी येतो. मीच पाला देते."

व्हर्लिनने आजीकडे पाहिलं. मग मान खाली घातली, आणि पेले तिच्या हातात किणकिणले.

लिओन्शियाच्या मनात त्या वेळी काय काय येऊन गेलं हे तिला नंतरही सांगता आलं नाही. चुण्या, झालरी, रुमालाखाली झाकलेला डबा. आयुष्यभर झाकत आलेलं सगळं. उघड्या खिडक्यांकडे तिची नजर गेली आणि तिला वाटलं, आता राहिलंच काय झाकायला?

"ताप नाही," ती म्हणाली.

"काय?" फिलोमेन म्हणाली.

"ताप नाही पोरीला. कधीच नव्हता. बसला द्यायला नसतं म्हणून दोन दिवस घरी ठेवते." तिचा आवाज फाटला, तशी ती जोरात बोलू लागली. "हे खाणं माझं नाही. हा मेला असं वाटून तुम्ही आणलंय. आम्ही काल रात्री तुझा उरलासुरला गवती चहा प्यायलो फिलोमेन, आणि झोपलो."

जोझफात चादर सावरत ओट्यावर बसला. तिच्याकडे कुणी बघेना. लाजेने जमीन दुभंगेल तर बरं, असं लिओन्शियाला झालं होतं, तेवढ्यात फिलोमेनने पावाची टोपली खाली ठेवली.

"माझ्या केल्व्हिनचा सोमवारचा ताप," ती म्हणाली, "तुझ्या पोरीवरूनच उचलला मी."

लिओन्शियाला समजलंच नाही. केल्व्हिनसाठी तर ती स्वतःच दर सोमवारी सुंठ घालून काढा पाठवत होती.

"आमच्या दोघी पोरींचा खोकला पण तोच," मागून किटलीवाली बाई म्हणाली. मग क्लेटसने घसा खाकरला आणि नातवाच्या पोटदुखीबद्दल काहीतरी पुटपुटला. सगळ्या टेकडीचा पाला या घरातून त्या घरात फिरत होता, आणि एकाही पोराचं अंग गरम नव्हतं. अन्सेल्मा तेवढी गप्प होती. तिचा नातू पाचही दिवस शाळेत जायचा, आणि तो आपल्या काढ्यामुळे ठणठणीत आहे असं तिने गावभर सांगितलं होतं. तिने हातातला रुमाल तोंडाला लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला सल्ला दिला नाही.

मिस इपोलीत कुंपणाशी उभी होती. तिला बहुधा एका घरापुरतीच तयारी करून पाठवलं होतं. ती परत आली, बाकावर बसली. "मिसेस मॅथ्युरिन," ती म्हणाली, "मला थोडं पाणी मिळेल?"

लिओन्शियाने अन्सेल्माकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खुराड्याकडे गेली आणि पेंढ्याखालचा सगळ्यांत चांगला पेला काढून, धुवून, पाणी घेऊन आली.

जानेवारीत मदत सुरू झाली आणि व्हर्लिन सोमवारीही बसमध्ये चढली. केल्व्हिन कुंपणावर बसून तिला बघत होता. त्याच्या घरी मिस इपोलीत अजून यायची होती, आणि लिओन्शियाला कुंपणाकडे बघवेना. आपल्या पोरीचं झालं याचा आनंद करावा की याची लाज वाटावी, हे तिला कळत नव्हतं, आणि तिला सांगू शकेल असं टेकडीवर कुणी नव्हतं.

शेवटी फिलोमेनचाही दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी ती लिओन्शियाच्या दारात आली, पदराने हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत.

"लिओन्शिया, तू जाणकार. मला एवढं सांग, उद्या ती येणार. पडदे ठेवू की काढू?"

कुठल्या खिडकीला किती वार, कुठे झालर, कुठे चुणी, हे लिओन्शियाने साऱ्या टेकडीला जन्मभर न विचारता सांगितलं होतं. तिने कुंपणापलीकडच्या फिलोमेनच्या खिडक्यांकडे पाहिलं. तयार पडदे, प्लास्टिकच्या कड्या, सुटलेले धागे.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "तुला वाटेल ते कर. फक्त ताप सांगू नकोस."